आले दोन, गेले तीन

अर्जिया बालुगानी पाहुण्याचं तोंड बघायच्या आधी त्याचं जन्मठिकाण बघते. पाहुणा अजून दारात बूट झटकत असतो, बायको गाडीतून बॅगा काढत असते, आणि ही कपाळावरचा चष्मा खाली ओढून हात पुढे करते. ओळखपत्र हातात पडलं की बोट नावावर जात नाही, फोटोवर जात नाही, सरळ जन्मठिकाणाच्या ओळीवर जातं. मग ती "बरं" म्हणते आणि खोलीची किल्ली देते. ते 'बरं' मी अठ्ठावीस वर्षं ऐकत आले आहे. त्यात काय असतं ते पाहुण्याला कळत नाही, मला कळतं. त्याचा अर्थ, 'ही ती नव्हे.'

मी दिर्चे. इटलीतल्या या डोंगरी खोऱ्यात मी एकोणचाळीस वर्षं टपाल वाटलं, आधी सायकलवर, मग मोपेडवर, शेवटी सरकारने दिलेल्या त्या छोट्या पांढऱ्या गाडीत. दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचू नये असा नियम असेल तर तो मला कोणी दाखवला नाही. कोणाच्या घरी कोण आलं, का आलं, आणि आला तर जात का नाही, हे मला कळल्याशिवाय जेवण जात नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं अर्जिया म्हणते, आणि ते खरं आहे. तरी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण मीच, कारण दुसरी कोणी तिला सहन करत नाही.

अर्जियाचं शेत म्हणजे का-नोवा, कास्तेल दोर्ना गावाच्या वर, चेरीच्या बागेपलीकडे. एकेकाळी तिच्याकडे अकरा गाई होत्या, दूध चीजच्या कारखान्यात जायचं. गाई कमी केल्या तेव्हा गोठ्यावरच्या तीन खोल्या रिकाम्या झाल्या, आणि तिच्या नवऱ्याने, लोरिसने, तिथे पलंग टाकून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. लोरिस बोलका होता, हसरा होता, पाहुण्यांसाठीच जन्माला आला होता. तो गेला आणि पाहुणे अर्जियाच्या गळ्यात पडले. तिची पद्धत वेगळी. जेवण साडेसातला म्हणजे साडेसातला. काय आहे ते विचारायचं नाही, जे आहे ते समोर येईल. "पाहुण्याला काय खाणार म्हणून विचारू नये," ती म्हणते, "विचारलं की तो खोटं बोलतो." मिलानहून आलेल्या एका बाईने जेवणानंतर दूध घातलेली कॉफी मागितली, तर अर्जियाने तिच्यासमोर बबुन्याच्या फुलांचा काढा ठेवला आणि विचारलं, पोट दुखतंय का. ती बाई पुढे सलग नऊ वर्षं आली.

आता माळ्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

आमच्याकडे घरात मुलगी जन्मली की माळ्यावर पाच पिपं मांडतात. सगळ्यात मोठं चेस्टनटच्या लाकडाचं, मग चेरीचं, मग दुसऱ्या-तिसऱ्या लाकडाचं, शेवटचं एवढंसं, मांडीवर घेता येईल असं. प्रत्येकाच्या तोंडावर फडकं आणि फडक्यावर नदीतला गोटा. आटवलेला द्राक्षांचा रस मोठ्या पिंपात घालायचा, आणि दर हिवाळ्यात मोठ्यातला थोडा लहानात, लहानातला त्याहून लहानात, असं करत खाली उतरवायचं. उन्हाळ्यात माळा तापतो, रस उडतो, दाट होतो, शिरका होतो, व्हिनेगर म्हणतात तो, काळा आणि गोड. ती पिपं त्या मुलीची. लग्न झालं की तिच्याबरोबर जातात, नाही झालं तर तिच्याबरोबर राहतात. काही घरांत येताजाता बोट बुडवून चाखतात. बालुगानींच्या घरात मात्र नियम कडक. जिची पिपं, तिनेच शेवटच्या पिंपातला पहिला थेंब काढायचा. त्याआधी आईनेसुद्धा जीभ लावायची नाही. वास घ्यायचा, बस.

अर्जियाच्या माळ्यावर अशा तीन रांगा आहेत. पहिलीवर खडूने 'अर्जिया' लिहिलंय, ती तिच्या बापाने मांडलेली. दुसरीवर 'नीवेस', ती तिच्या एकुलत्या एका मुलीची. तिसरीवर 'मारेन'.

मारेन कोण, हे मला माहीत आहे, कारण ती आली तेव्हा मी पाणी गरम करत होते.

शहाण्णव सालचा फेब्रुवारी. ऐन थंडीत एक जर्मन जोडपं का-नोवात उतरलंय, बाई पोटुशी आहे, असं मला बेकरीत कळलं. हिवाळ्यात इथे कोण येतं? मला राहवेना. शुक्रवारी दुपारी एक वीजबिल हातात घेऊन मी वर गेले, खरं तर ते बिल सोमवारी दिलं असतं तरी चाललं असतं. मी पोचले आणि बर्फ सुरू झालं. संध्याकाळपर्यंत रस्ता गेला, दुसऱ्या दिवशी टेलिफोन गेला. रविवारी सकाळी, दूध काढायच्या वेळेला, त्या बाईला कळा सुरू झाल्या, पाच आठवडे आधी. नवरा पांढराफटक पडून जिन्यात बसला. अर्जियाने बाह्या वर केल्या.

"अगं, तू कधी केलंयस का हे?" मी विचारलं.

"सत्तरएक वासरं काढलीत."

"वासरं!"

"वासरू पायांनी येतं. हे डोक्याने येतंय, म्हणजे सोपं. तू पाणी आण आणि तोंड बंद ठेव, दोन्ही जमेल का बघ."

दहा वाजता मुलगी झाली. कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढी, पण आवाज असा की खाली गाईंनी माना वळवल्या. अर्जियाने तिला पुसलं, लोकरीत गुंडाळलं, आईच्या छातीवर ठेवलं. मग हात धुऊन लोरिसला म्हणाली, "मुलगी झाली. पिपं मांड."

लोरिस हसला. "अगं, ती पाहुण्यांची आहे."

"माझ्या छपराखाली झाली ना? मग मांड."

बुधवारी ट्रॅक्टरने रस्ता उघडला आणि ती तिघं खाली गेली. इथे अर्जियाने तिची ती प्रसिद्ध चूक केली. पाहुणा आला की त्याची चिठ्ठी चोवीस तासांत पोलीस चौकीवर द्यायची, हा कायदा तेव्हाही होता. पाहुणघर नवीन, कायद्याची भीती मोठी. तिने रीतसर तिसरी चिठ्ठी भरली. नाव: अजून नाही. आल्याची तारीख: अकरा. ओळखपत्र: नाही. येण्याचं कारण: जन्म. दोन दिवसांनी फौजदार स्किर्रू, सार्डिनियाचा माणूस, हसणं ज्याला डॉक्टरने मना केलंय असा, चिठ्ठ्या घेऊन दारात उभा.

"बाई, तुमच्या हिशेबात आले दोन आणि गेले तीन. ही तिसरी कोण?"

"पाहुणी."

"आली कधी?"

"रविवारी. दहाला."

"रस्ता शुक्रवारपासून बंद होता. आली कुठून?"

"कुठून येतात, फौजदारसाहेब? तुम्ही कुठून आलात?"

"ओळखपत्र नाही म्हणता."

"नाळ आहे. चेरीखाली पुरलीय. उकरून आणू?"

स्किर्रूने टोपी काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसला. गरम सूपमधली तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या चिमुकल्या गुंड्या, त्याने दोनदा घेतली. जाताना चिठ्ठीच्या खाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: आले दोन, गेले तीन, तक्रार नाही. पुढे बदली होईपर्यंत तो दर रविवारी जेवायला यायचा, आणि दर रविवारी विचारायचा, "तिसरी परत आली का?"

तिसरी आली नाही. नाताळला एक कार्ड आलं: मुलीचं नाव मारेन ठेवलं, ती रांगते, आम्ही नक्की येऊ. अर्जियाने त्याच दिवशी माळ्यावर जाऊन खडूने नाव लिहिलं. दुसऱ्या वर्षी कार्ड आलं, तिसऱ्या वर्षी आलं, मग बंद झालं. मी म्हटलं, पत्ता चौकीत असेल, आपण लिहू. ती म्हणाली, "पाहुण्याला ओढून आणायचं नसतं. दार उघडं ठेवायचं." मी तिला न विचारता लिहिलंच. पाकीट दोन महिन्यांनी माझ्याच पिशवीत परत आलं, या पत्त्यावर कोणी राहत नाही असा शिक्का घेऊन. ते मी अर्जियाला आजतागायत सांगितलेलं नाही. आता छापून आलं तर येऊ दे.

पिपं मात्र भरत राहिली. दर फेब्रुवारीत अर्जिया सतरा पायऱ्या चढायची, तिन्ही रांगा एकाच मायेने उतरवायची, आणि तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या पिंपावरचं फडकं उचलून नाक लावायची. मी एकदा तिच्याबरोबर होते. नाक बराच वेळ आत होतं.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"वास बरा आहे. पण वासाचं काय, वास फसवतो. एकदाही काढलेलं नाही त्यातून. नुसतं उडतंय, दाट होतंय. डांबर झालं असेल नाही तर काय."

"मग बोट बुडव की. कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिच्या गल्ल्यात हात घातला असता तरी चाललं असतं.

आता नीवेसबद्दल. नीवेसला मी जन्मापासून ओळखते, ती माझ्या मांडीवर खेळलीय, तेव्हा तिच्याबद्दल मी काहीही बोलू शकते. ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा मारेन झाली. अंगाने बापावर गेली, स्वभावाने कोणावरच नाही. ती खालच्या सपाटीवर टाइल्सच्या कारखान्यात कामाला लागली, तिथेच लग्न केलं, पण दर फेब्रुवारीत आईने बोलावलं की यायची आणि रसाच्या कळशा वर वाहून न्यायची. तिन्ही रांगांच्या. "घरचं झालं थोडं, व्याह्यांनी धाडलं घोडं," असं पहिल्याच वर्षी म्हणाली होती, हसत. नंतर हसणं गेलं, कळशा राहिल्या. आई खाली विचारायची, "मारेनचं फडकं बदललंस का?" नीवेसचं फडकं बदललं का, असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. विचारायची गरजच नव्हती, तेवढं नीवेस स्वतः बघतेच, असा अर्जियाचा हिशेब. मुलींचा हिशेब वेगळा असतो.

गेल्या नोव्हेंबरात अर्जियाचा गुडघा बदलला. डॉक्टरने सांगितलं, जिना विसरा. नीवेसने कारखान्यातून रजा काढली आणि पाहुणघर सांभाळायला येऊन राहिली. जानेवारीत, आम्ही तिघी स्वयंपाकघरात असताना, ती म्हणाली, "आई, यंदा मी दोनच रांगा उतरवणार. तुझी आणि माझी. तिसरी पुढच्या आठवड्यात रिकामी करून पिपं विकते, नाही तर जाळते. पुरे झालं."

अर्जियाच्या हातात लाटणं होतं. तिने पोळी अजून एकदा लाटली, मग अजून एकदा, इतकी की तिच्यातून टेबलाची रेघ दिसायला लागली. मला तिची इतकी दया कधी आली नव्हती. चढता येत नाही, आणि जी चढणार तिला नको आहे. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचा गेला, नीवेसला सवड झाली नाही. पण फेब्रुवारी आला होता, आणि नीवेस बोलते ते करते.

नऊ तारखेला, शुक्रवारी, दुपारी मी का-नोवात होते. आता टपाल नाही तरी मी रोज जाते, सवय. एक छोटी निळी गाडी आली. त्यातून एकटी मुलगी उतरली, उंच, लाल टोपी, ओले बूट. खोली दोन रात्रींसाठी ठरवलेली होती. अर्जिया आत आडवी झाली होती, म्हणून नोंद नीवेसने घेतली. ती हल्ली कंप्युटरवर होते, पण आईच्या हट्टापायी जुन्या वहीतही लिहावं लागतं. नीवेस कंटाळून लिहीत होती. नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. मग पेन थांबलं.

मी खुर्ची सोडून उठले आणि तिच्या खांद्यावरून बघितलं. एकोणचाळीस वर्षांची तयारी आहे, उलटी अक्षरंसुद्धा वाचते. मारेन टीडेमान. जन्म अकरा फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव. जन्मठिकाण, कास्तेल दोर्ना.

नीवेसने ओळ पूर्ण केली, वही मिटून आईचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली, पासपोर्ट परत दिला. "खोली दोन. जेवण साडेसातला." आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते सांगायला नको, मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते म्हणजे बघा.

रात्री जेवताना ती पोरगी बोलायला लागली. तिचं इटालियन शाळेतलं, पण स्वच्छ. पाहुणी ती एकटीच, म्हणून नीवेसने मलाही टेबलाशी बसवलं होतं. अर्जिया आत चुलीपाशी, मधलं दार नीवेसने ओढून घेतलेलं, उभं राहून वाढणं तिला अजून जमत नाही.

"मी इथे जन्मले," मारेन म्हणाली. "म्हणजे या गावात कुठेतरी. आईबाबा बर्फात अडकले होते, एका शेतावर, एवढंच माहीत. मी तीन वर्षांची असताना ते वेगळे झाले. आईला वाटलं बाबा सांगतील, बाबांना वाटलं आई सांगेल. पण पासपोर्टात नाव आहे ना. आयुष्यभर प्रत्येक कचेरीत मला या गावाचं एकेक अक्षर सांगावं लागतं. म्हटलं, एकदा बघून तरी येऊ कसं आहे. तुम्हाला ठाऊक आहे का ते शेत कुठलं असेल?"

माझा चमचा हवेतच राहिला. नीवेसने पाव कापला.

"इथे शेतं पुष्कळ आहेत," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर मी तिला लाकडांच्या ढिगापाशी गाठलं. "बाई गं, तुला लाज आहे की नाही? आत तुझी आई अठ्ठावीस वर्षं—"

"मावशी, अठ्ठावीस वर्षं कळशा मी वाहिल्या." तिने दोन ओंडके उचलले. "जिच्यासाठी वाहिल्या ती आहे कशी, हे मला आधी बघायचंय. एवढा हक्क आहे माझा. रविवारी सकाळी ती जाईल. तोपर्यंत तू आईला एक शब्द सांगितलास तर आज रात्रीच तिसरी रांग मोरीत ओतते."

"आणि रविवारी सकाळी?"

"रविवारचं रविवारी."

त्या दोन दिवसांनी माझं आयुष्य दोन वर्षांनी कमी केलं. घरी गेले तर झोप नाही, का-नोवात गेले तर अर्जिया विचारणार, "आज आजारी आहेस का? बोलत का नाहीस?" शनिवारी दिवसभर गारठलेला पाऊस पडत होता, बाहेर जाणं नाही. मारेनने कोंबड्यांना दाणे टाकले, लाकडं रचली, कोणी न सांगता. आणि विचारत राहिली. हा दगड दाराशी का ठेवलाय? गाईचं नाव कोणी ठेवलं? चेरी कापतात कधी? माझ्या जातीची निघाली. अर्जियाने आतून एकदा विचारलं, "कोण आहे ती बडबडी?" नीवेस म्हणाली, "पाहुणी."

शनिवारच्या जेवणात नीवेसने चीजवर शिरक्याचे तीन थेंब टाकले. मारेनने चीज खाल्लं, मग पावाने बशी पुसली, मग थांबली.

"हे कोणाचं आहे?"

लोक विचारतात, हे काय आहे. कोणाचं आहे असं मी पहिल्यांदा ऐकलं.

"माझं," नीवेस म्हणाली.

"तुमचं म्हणजे?"

आणि नीवेस सांगायला लागली. आधी एकेक वाक्य, नाइलाजाने. मग पिपं कशी, लाकडं कुठली, तिच्या बापाने चेरीचं पिंप दोनदा सोडून पुन्हा का बांधलं, ती अठरा वर्षांची झाली तेव्हा पहिला थेंब तिने कसा काढला. मारेन हनुवटी मुठीवर ठेवून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती. नीवेसच्या नवऱ्याने, तिच्या पोरांनी, कारखान्यातल्या बायांनी कधी हे विचारलं नव्हतं. मीही नाही, मला वाटलं मला ठाऊकच आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बाईच्या चेहऱ्यावर रंग चढत चालला होता.

"म्हणजे वर दोन रांगा आहेत," मारेन म्हणाली.

"तीन."

"तिसरी कोणाची?"

"एका मुलीची. या घरात झाली होती. आली नाही परत."

"का?"

"तिला माहीतच नाही की तिचं इथे काही आहे."

मारेनने जरा विचार केला. "मग तिला कोणी सांगत का नाही?"

नीवेसने बश्या गोळा केल्या आणि आत गेली.

रविवारी सकाळी मी आठलाच हजर. अर्जिया टेबलाशी तोर्तेल्लीनी वळत होती, मी तिच्यासमोर बसून वळल्यासारखं करत होते. खिडकीतून निळी गाडी दिसत होती, मागचं दार उघडं, बॅग आत. मारेन टोपी घालून निरोप घ्यायला आली तेव्हा नीवेस जिन्याच्या तोंडाशी उभी होती, दोन्ही हातांत एकेक भरलेली कळशी.

"टोपी काढ," नीवेस म्हणाली. "हात धू. एक कळशी धर. सांडू नकोस, माझं कंबरडं गेलंय यात."

दारातून मला एवढंच दिसलं. मग जिना वाजला.

अर्जियाचे हात थांबले. पन्नासएक वर्षं ती या छताखाली राहते, कोणती पायरी कोणाच्या पायाखाली कशी बोलते ते तिला कळतं. वर पावलं होती. नीवेसची जड, आणि मागे दुसरी, हलकी, प्रत्येक पायरीवर थांबणारी.

"वर दुसरं कोण आहे?"

मी उठले, वही आणली, शुक्रवारचं पान काढलं आणि तिच्यासमोर पिठात ठेवली. ती ओरडेल म्हणून मी मागे सरकले. तिने चष्मा खाली ओढला. बोट नावावर गेलं नाही. सरळ चौथ्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं, पिठाचा ठसा उमटला, तो अजून आहे.

ती 'बरं' म्हणाली नाही. काठी घेतली, जिन्यापाशी गेली आणि पहिल्या पायरीवर बसली. तिचा श्वास मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. वर कोणीतरी बोललं. नीवेसने मला नंतर सांगितलं, खडूतलं स्वतःचं नाव बघून पोरगी खालीच बसली, फरशीवर, आणि पिंपाला हात लावू का म्हणून विचारत राहिली.

मग त्या उतरल्या. पुढे नीवेस, मागे मारेन, चिनीमातीचा चमचा दोन्ही हातांत धरून, डोळे लाल. शेवटच्या पायऱ्यांवर ती थांबली, कारण वाटेत म्हातारी बसली होती.

अर्जियाने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "एवढीशी होतीस," ती म्हणाली आणि स्वतःच्या कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं. "चाखलंस?"

"नाही. मला वाटलं, तुम्ही आधी. तुम्ही केलंत सगळं."

"नियम आहे. आधी तू."

मारेनने चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. आम्ही तिघी तिच्या गळ्याकडे बघत होतो.

"काय?" अर्जियाने विचारलं. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, लहान मुलासारखा. "डांबर झालंय का? खरं सांग."

मारेनने नाही म्हणून मान हलवली आणि चमचा तिच्या हातात दिला. काळं अजून लागलेलं होतं. अर्जियाने जीभ लावली. मग ती बसून राहिली, गाल ओले झाले, पुसले नाहीत. आत सूप उकळायला लागलं होतं, कोणी उठलं नाही. शेवटी तिने मान वळवली. मारेनकडे नाही, तिच्या पलीकडे, रिकामी कळशी धरून भिंतीला टेकलेल्या मुलीकडे.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "तुझं याहून चांगलं आहे."

नीवेस म्हणाली, "आई, उगाच काही बोलू नकोस."

"खाण्याच्या बाबतीत मी खोटं बोलते का कधी?"

नीवेस मोरीपाशी गेली आणि पाठ करून ती कळशी धुवायला लागली, धुतली, पुन्हा धुतली. मारेनने बाहेर जाऊन गाडीतली बॅग काढून आणली. ती बुधवारपर्यंत राहिली. वहीत तिच्या गेल्याच्या तारखेपुढे अर्जियाने लिहिलंय: परत येणार, फेब्रुवारीत, कळशा न्यायला.

त्या रविवारी तो चमचा टेबलावरच राहिला होता. बघणारं कोणी नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मला हेच हवं होतं, मी तो चाटून साफ केला. नीवेसचं तर मी शेकडो वेळा खाल्लंय. तेव्हा दोन्हींतलं कोणाचं चांगलं आणि अर्जिया त्या दिवशी खरं बोलली की नाही, हे मला पक्कं माहीत आहे. नीवेसने मला दोनदा विचारलं, मारेनने एकदा, फाटकापाशी, गाडीची काच खाली करून. मी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. एक तीळ तरी या तोंडात भिजू दे.